रुंद रिमला टायर कोणता? शौक गिऱ्हाइकाचा, जबाबदारी दुकानदाराची

गॅरेज, टायरचे दुकान, पंक्चरची टपरी, वेल्डिंग, डेंटिंग-पेंटिंग ही मोटारीच्या धंद्याची सारी अंगे आपल्या समाजातील कारागिरांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळली आहेत. कोणी ‘पंक्चरवाला’ म्हणून हिणवून बोलो. भर पावसात रस्त्यात अडकलेल्या माणसाला घरी पोहोचविणारा तोच असतो. परंतु या धंद्याचे रूप आता बदलले आहे. ट्यूबलेस टायर आल्यापासून पंक्चरची कामे कमी झाली. उलट तरुण गिऱ्हाईक रुंद अलॉय रिम घेऊन दुकानात येतो आणि विचारतो, “चाचा, याला कोणता टायर बसेल? गाडी रस्त्याला चिकटून चालली पाहिजे.” याचे बरोबर उत्तर ज्याच्यापाशी आहे तो उद्याचा दुकानदार. चुकीचे उत्तर देणाऱ्याचा माल कदाचित खपेल, पण त्या टायरवर चार माणसांचा जीव बसलेला असतो.

आता कापडाच्या व्यापाऱ्याने टायरवर का लिहावे, असे वाचकांना वाटेल. त्याचे कारण साधे आहे. टायर वरून रबर दिसत असला तरी आतून ते कापड आहे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या विणकर बांधवांना ही गोष्ट इतरांपेक्षा लवकर समजेल.

टायरचा ताणा-बाणा

जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ साली बेलफास्ट येथे हवेचा टायर तयार केला, तेव्हापासून रबराला कापडाचा आधार आहे. आरंभीच्या टायरांत साधे विणलेले जाड कापड घालत. त्यात ताण्याचे व बाण्याचे धागे एकमेकांवरून जात असल्यामुळे चाक फिरू लागले की ते एकमेकांना करवतीसारखे कापत आणि टायर लवकर फुटे. म्हणून पुढे ‘कॉर्ड’चे कापड निघाले. त्यात ताण्याला पीळ दिलेले मजबूत दोर असतात आणि बाणा अगदी विरळ व बारीक, केवळ दोर जागेवर धरून ठेवण्यापुरता. पहिल्यांदा सुती कॉर्ड होती, मग रेयॉन आला, नंतर नायलॉन आणि पॉलिएस्टर. फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने १९४६ साली रेडियल टायरचे पेटंट घेतले. त्यात आतले दोर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे जातात आणि वर पोलादी तारांचे पट्टे तिरपे बसविलेले असतात.

आज आपल्या मोटारींच्या टायरमध्ये बहुधा पॉलिएस्टरचे अस्तर, त्यावर पोलादी पट्टे आणि जास्त वेगाच्या टायरांत सर्वांत वर नायलॉनचा पट्टा गोल गुंडाळलेला असतो. वेग वाढला की चाकाच्या फिरण्यामुळे पट्टे बाहेर फेकले जाऊ पाहतात; नायलॉन त्यांना आवळून धरतो. काही महागड्या टायरांत अजूनही रेयॉन वापरतात, कारण तो उष्णतेने ढिला पडत नाही. परफॉर्मन्स टायर आणि साधा टायर यांच्या भावात जो फरक दिसतो, त्याचा मोठा वाटा या न दिसणाऱ्या कापडाचा आणि वरच्या रबराच्या मिश्रणाचा आहे. कापडाची प्रत जशी काठावर वाचता येते, तशी टायरची प्रत त्याच्या बाजूवर छापलेली असते. फक्त वाचता आली पाहिजे.

आकडे कसे वाचावेत

समजा, टायरवर २०५/५० आर १५ ८६ व्ही असे लिहिले आहे. २०५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ५० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५० टक्के, म्हणजे १०२.५ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल. १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. ८६ हा वजनाचा आकडा. एका टायरने जास्तीत जास्त ५३० किलो पेलावे असा त्याचा अर्थ. ८२ असेल तर ४७५ किलो, ८८ असेल तर ५६० किलो, ९१ असेल तर ६१५ किलो. शेवटचे अक्षर वेगाचे आहे. टी म्हणजे ताशी १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४० आणि डब्ल्यू म्हणजे २७० किलोमीटर. इतक्या वेगाने गाडी हाकावी असा त्याचा अर्थ नाही. इतकी उष्णता टायर सोसू शकतो, एवढाच अर्थ घ्यावा.

पूर्ण चाकाची उंची काढण्याचा हिशेब असा : रिमचा व्यास इंचात घेऊन २५.४ ने गुणावा आणि त्यात दोन्ही भिंतींची उंची मिळवावी. १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर, त्यात १०२.५ दोनदा मिळविले की ५८६ मिलिमीटर. हा हिशेब ज्याला पाठ आहे, त्याला कोणी फसवू शकत नाही.

एका प्रसिद्ध गाडीचा दाखला

जपानच्या माझदा कंपनीने १९८९ साली एमएक्स-५ नावाची दोन आसनांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स गाडी आणली. २०१६ साली तिच्या उत्पादनाचा आकडा दहा लाखांवर गेला. ही गाडी आपल्या देशात विकायला आली नाही, पण विलायतेत आणि अमेरिकेत ती पुष्कळ दिसते, आणि तिच्यावर रुंद रिम चढविणाऱ्यांची संख्या मोठी आहे. म्हणून शिकण्यासाठी ती चांगली.

पहिल्या पिढीच्या या गाडीला १४ इंच व्यासाचे, साडेपाच इंच रुंदीचे रिम आणि १८५/६० आर १४ टायर येत. चाकाची उंची सुमारे ५७८ मिलिमीटर, वजनाचा आकडा ८२. आता मालकाने १५ इंच व्यासाचे, सात इंच रुंद रिम आणले. टायर कोणता द्यावा?

१९५/५० आर १५ घेतला तर उंची ५७६ मिलिमीटर होते, म्हणजे मूळच्या जवळजवळ बरोबर. वजनाचा आकडा ८२च. मात्र या टायरला मान्य असलेली रिमची रुंदी साधारण साडेपाच ते सात इंच, म्हणजे सात ही शेवटची हद्द आहे. २०५/५० आर १५ घेतला तर उंची ५८६, मूळपेक्षा दीड टक्का जास्त; वजनाचा आकडा ८६; मान्य रिम साडेपाच ते साडेसात. दोन्ही चालतील. पहिला हलका आणि चपळ, दुसरा थोडा जास्त रबर देणारा.

परंतु रिम आठ इंच रुंद असेल तर? पुष्कळ शौकीन त्यावरही २०५/५० ओढून बसवितात. तो टायर साडेसातच्या हद्दीबाहेर गेला. तिथे २२५/४५ आर १५ हे माप आहे. त्याची उंची सुमारे ५८४, वजनाचा आकडा ८७ आणि मान्य रिम साधारण सात ते साडेआठ. पण हा टायर मडगार्डला घासण्याची शक्यता वाढते. म्हणून टायर विकण्याआधी त्या कंपनीच्या तक्त्यात त्या मापासमोर रिमची रुंदी पाहावी आणि मगच हो म्हणावे. अंदाजाने हो म्हणू नये.

ओढलेली चादर, कोंबलेली गादी

अरुंद टायर फार रुंद रिमवर ओढला तर त्याच्या भिंती बाहेर तिरप्या होतात, लहान चादर मोठ्या पलंगावर ताणावी तशा. रिमचा काठ उघडा पडतो, खड्ड्यात प्रथम तोच वाकतो, आणि जोरात वळताना टायरचा काठ रिमवरून सुटण्याचा धोका असतो. याच्या उलट, रुंद टायर अरुंद रिमवर कोंबला तर भिंती फुगतात, गाडी वळताना डोलते आणि टायर मधोमध झिजतो. दिसायला मात्र तो भारदस्त दिसतो, आणि गिऱ्हाईक तिथेच भुलते.

रुंद टायरने पकड वाढते हे खरे, पण त्याचे कारण पुष्कळांना ठाऊक नसते. जमिनीला टेकणाऱ्या रबराचे क्षेत्रफळ मुख्यतः गाडीचे वजन आणि हवेचा दाब यांवर ठरते. टायर रुंद केला म्हणून ते दुप्पट होत नाही. त्याचा आकार बदलतो, आडवा जास्त आणि लांबीला कमी. त्यामुळे वळणावर गाडी अधिक नेमकी चालते. योग्य रुंदीच्या रिममुळे भिंत ताठ उभी राहते आणि स्टिअरिंगला लगेच उत्तर मिळते. खरी पकड मात्र रबराच्या मिश्रणाने येते. साध्या टणक रबराचा २२५चा टायर चांगल्या परफॉर्मन्स रबराच्या १९५ पुढे हरू शकतो. ज्याचा खिसा लहान त्याने रुंदीपेक्षा रबरावर पैसा घालावा.

रबराची प्रत

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारीच्या टायरवर तीन खुणा छापलेल्या असतात आणि आपल्याकडील पुष्कळ टायरांवरही त्या दिसतात. ‘ट्रेडवेअर’चा आकडा झिजेचा आहे. ४०० आकड्याचा टायर २०० च्या दुप्पट टिकावा, असा त्याचा हेतू. पण हा आकडा कंपनी स्वतःच ठरविते. एका कंपनीच्या दोन टायरांची तुलना करायला तो बरा, दोन निराळ्या कंपन्यांची करायला फारसा भरवशाचा नाही. दुसरी खूण ओल्या रस्त्यावरच्या पकडीची, एए सर्वांत वर आणि मग ए, बी, सी. तिसरी उष्णतेची, ए, बी, सी.

स्पोर्ट्स गाडीचे शौकीन २०० च्या आसपास आकडा असलेले मऊ रबर मागतात. ते पकडते छान, पण लवकर संपते, आवाज करते आणि थंडीत टणक होते. विलायतेत राहणाऱ्या आपल्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे : उन्हाळी परफॉर्मन्स टायर साधारण ७ अंशांच्या खाली तापमान गेले की पकड सोडू लागतो. रोज कामावर जायचे आणि आठवड्यातून एकदा घाटात फिरायचे असेल, तर २८० ते ३४० च्या दरम्यानचा रस्त्यावरचा परफॉर्मन्स टायर शहाणपणाचा. शर्यतीच्या मैदानाचा टायर बाजारात भाजी आणायला नेण्यात अर्थ नाही.

आपले रस्ते, आपला पाऊस

आपल्याकडे तरुण साध्या हॅचबॅक गाड्यांनाच हा साज चढवितात. समजा मूळ टायर १८५/६५ आर १५, वजनाचा आकडा ८८. चाकाची उंची ६२१.५ मिलिमीटर. १६ इंची रिमवर १९५/५५ आर १६ घेतला तर उंची ६२१, हिशेब तंतोतंत जुळला. पण थांबा! या मापाच्या साध्या टायरचा वजनाचा आकडा ८७ आहे, म्हणजे ५४५ किलो, आणि मूळचा ५६० किलोचा होता. घरची पाच माणसे आणि सामान घेऊन गावी जाणाऱ्या गाडीला हे कमी आहे. याच मापात ‘एक्सएल’ अक्षरे असलेला ९१ आकड्याचा टायर निघतो, तो द्यावा. नियम एकच : वजनाचा आकडा मूळपेक्षा खाली जाऊ देऊ नये.

दुसरा फसवा प्रकार म्हणजे त्याच १५ इंची रिमवर २०५/६५ चढविणे. उंची ६४७.५ होते, मूळपेक्षा चार टक्क्यांहून जास्त. काटा १०० दाखवील तेव्हा गाडी १०४ ने धावत असेल, आणि वळताना चाक आत घासेल ते वेगळेच. उंचीतला फरक दोन टक्क्यांच्या आत ठेवावा. तीनपलीकडे तर जाऊच नये.

पावसाचीही गोष्ट आहे. रुंद टायरला पाणी बाजूला सारायला जास्त वेळ लागतो, आणि साचलेल्या पाण्यावर तो लवकर तरंगतो. एकदा तरंगला की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही मुके. कोकणात, घाटात राहणाऱ्यांनी खोल खाचांचा, ओल्या रस्त्यासाठी नावाजलेला टायर घ्यावा आणि खाचा तीन मिलिमीटरवर आल्या की बदलावा. कायद्याची हद्द १.६ मिलिमीटर आहे, पण पाणी कायदा वाचत नाही.

भिंत जितकी बुटकी तितका खड्ड्याचा मार थेट रिमवर बसतो. मधे सापडलेले धागे तुटतात आणि भिंतीवर फुगा येतो. कापडाच्या माणसाला समजावून सांगायला नको : आतले धागे तुटले, आता हवा केवळ रबराने अडविली आहे. असा टायर दुरुस्त होत नाही, तो फेकावाच लागतो. भिंतीतले पंक्चरही काढू नये. मधल्या पट्ट्यातले, साधारण सहा मिलिमीटरपर्यंतचे भोक आतून ठिगळ लावून नीट बंद होते. त्याहून मोठ्याला हात लावू नये.

टायरचेही वय असते

टायरच्या बाजूवर ‘डॉट’ अक्षरांनंतरच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३२४ असेल तर तो २०२४ सालच्या २३व्या आठवड्यात बनला. २००० सालापासून ही चार आकड्यांची रीत आहे. स्पोर्ट्स गाड्या कमी चालतात, म्हणून त्यांच्या टायरच्या खाचा नव्यासारख्या दिसतात आणि रबर मात्र म्हातारे झालेले असते. मोठ्या कंपन्या सांगतात की दहा वर्षांपलीकडचा टायर, कितीही चांगला दिसला तरी, वापरू नये. परफॉर्मन्स रबर तर सहा वर्षांनंतर दरवर्षी तपासावे.

हॉलिवूडचा नट पॉल वॉकर ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियात पोर्शे करेरा जीटी गाडीच्या अपघातात मरण पावला. तपासात अपघाताचे कारण बेसुमार वेग ठरले. पण गाडीचे टायर नऊ वर्षांचे होते, ही गोष्टही तपास करणाऱ्यांनी नमूद केली. लाखो डॉलरची गाडी आणि जुने रबर! आपल्याकडेही समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. तासन् तास एकाच वेगाने तापलेल्या काँक्रिटवर धावताना जुना किंवा कमी हवेचा टायर पहिल्यांदा दगा देतो. निघण्यापूर्वी, चाके थंड असताना, हवा तपासून घ्यावी. दहा अंश उष्णता वाढली की हवा सुमारे दोन पौंडांनी वाढते. म्हणून गरम टायरमधली हवा काढून टाकू नये.

बसविणाऱ्या कारागिरासाठी

रिमची रुंदी आणि व्यास जुळले म्हणजे काम संपले असे नाही. नटांच्या भोकांचा घेर जुळला पाहिजे. माझदाच्या त्या गाडीला चार नट आणि १०० मिलिमीटरचा घेर. मधले भोक हबवर घट्ट बसले पाहिजे. मोठे असेल तर कडी घालावी, नाहीतर वेगात स्टिअरिंग थरथरते. आणि ऑफसेट पाहावा. रिमच्या मध्यापासून हबला टेकणारी बाजू किती बाहेर आहे, तो ऑफसेट. साडेपाच इंची रिमऐवजी सात इंची आणली की दीड इंच, म्हणजे ३८ मिलिमीटर वाढले. ऑफसेट तोच ठेवला तर १९ आत आणि १९ बाहेर जाते. मूळचा ४५ होता आणि नवा ३५ असेल, तर आत केवळ ९ आणि बाहेर २९. बाहेर मडगार्डला घासेल की आत शॉकॲब्सॉर्बरला, हे या हिशेबावरून दुकानातच सांगता येते.

नट टॉर्क रेंचने, आमोरासमोर या क्रमाने आवळावेत. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी सोडू नये. गिऱ्हाइकाला सांगावे की पहिले शे-दोनशे किलोमीटर दमाने चालव. नव्या टायरवर साच्याचे तेलकट थर असतात.

बाजार आणि कायदा

केंद्र सरकारने जून २०२० मध्ये मोटारीच्या नव्या टायरची आयात प्रतिबंधित यादीत टाकली, तेव्हा परदेशी परफॉर्मन्स टायरांची टंचाई झाली आणि काही ठिकाणी जुना साठा नव्या भावाने खपविला गेला. दुसरीकडे देशी कारखान्यांनाही या मालाकडे लक्ष द्यावे लागले. अपोलोने हॉलंडची व्रेडेस्टाइन कंपनी २००९ सालीच विकत घेतली होती. सिएटचा कारखाना आपल्या नाशकात आहे, ब्रिजस्टोनचा चाकणला. टायरवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. लहान दुकानदाराने अशा मापांचा साठा करून भांडवल अडकवू नये. आगाऊ रक्कम घेऊन मागवावा. नाहीतर दोन वर्षे फळीवर पडलेला माल विकताना इमान डळमळते.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीने नेमून दिलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. कंपनीने त्या गाडीच्या वरच्या मॉडेलला जे माप दिले असेल तेवढेच घेणे सर्वांत सुरक्षित. नाहीतर अपघातानंतर विमा कंपनी बोट दाखविते आणि मालक दुकानदाराकडे येतो. आयएसआय खूण पाहावी, बिलावर माप, वजनाचा आकडा आणि डॉटचे चार आकडे लिहून द्यावेत. असे बिल गिऱ्हाइकाला जसे उपयोगी, तसे दुकानदारालाही.

ऐब लपवू नये

गुळगुळीत टायरवर गरम हत्याराने नव्या खाचा कापून, काळा पॉलिश मारून तो विकणारे बाजारात आहेत. फुगा आलेला टायर मागच्या चाकाला आतल्या बाजूने लावून देणारेही आहेत. हजरत पैगंबर (स.) बाजारातून जाताना धान्याच्या राशीत हात घालून पाहतात, आत ओल लागते, आणि व्यापाऱ्याला विचारतात की ही ओल वर का ठेवली नाहीस, ही हदीस आपण सर्वांनी मदरशात ऐकली आहे. कापडात ऐब लपविला तर गिऱ्हाइकाचा एक सदरा जातो. टायरमध्ये लपविला तर एखाद्या घराचा कर्ता माणूस जातो.

म्हणून कारागीर बांधवांना विनंती आहे. तक्ते मिळवा, मुलांना हिशेब शिकवा, खाचा मोजण्याचे माप आणि टॉर्क रेंच दुकानात ठेवा. जे माप बसत नाही त्याला साफ नाही म्हणा. एक गिऱ्हाईक रागावून जाईल, पण त्याचा बाप दुसऱ्या दिवशी आपल्या गाडीचे चारही टायर घ्यायला तुमच्याकडेच येईल. पंक्चरच्या टपरीपासून चाकांच्या जाणकारापर्यंतचा रस्ता भांडवलापेक्षा इल्म आणि इमान यांनीच पार होतो, आणि बरकतही त्यातच आहे.